मागच्या खोलीतलं मीठ

माझे वडील बुधाजी वैशाखात गेले. असं काही झालेलं नाही. ते मागच्या खोलीत गादीवर बसलेत, खोकतायत, आणि मी त्यांच्या उशाशी ह्युमिडिफायर लावतोय.

आमच्या खाडीकाठी पापडसुद्धा धड वाळत नाही. तिथे हवा ओली करायचं मशीन विकत आणणारं आमचं पहिलंच घर असावं. कारण सरळ होतं. आमचं मिठागर भरावाखाली गेलं, त्यावर गोदाम उभं राहिलं, गोदामाला ट्रक लागले, त्यातला एक मी चालवतो. ट्रकांची धूळ म्हणून बाबांची खिडकी बंद, खिडकी बंद म्हणून एसी, एसीने घसा कोरडा, म्हणून अलिबागच्या डॉक्टरांनी हे मशीन सांगितलं. पाणी डिस्टिल्डच घाला, टाकी रोज रिकामी करा, आठवड्याला व्हिनेगरने धुवा. खारं पाणी घातलंत तर क्षार थेट छातीत जाईल, असंही बजावलं.

डिस्टिल्ड पाणी घरात होतंच, ट्रकच्या बॅटरीचं.

"माज्या छातीत बॅटरी हाय का?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, असती तर बदलून आणली असती.

थोड्याच दिवसांत टीव्हीवर पांढरा थर बसला. मग कपाटावर, मग मच्छरदाणीवर, मग आजोबांच्या फोटोवर. वारल्यानंतर त्यांच्या मिशा पिकल्या. मी टाकी धुतली, तळाची चकती मऊ ब्रशने घासली, दुकानदाराशी भांडलो. तो म्हणाला, मशीनला बाहेरची बाधा असेल. थर वाढत गेला, खोकलाही.

एका सकाळी ट्रक बंद पडला म्हणून लवकर परतलो, तर आई दारात कळशी घेऊन उभी. कळशीत खाडीचं पाणी. माझी पाठ वळली की बॅटरीचं पाणी तुळशीला जायचं आणि खाडीचं टाकीत. आत बाबा माझ्या जुन्या लायसन्सच्या कडेने टीव्ही खरवडत होते. खिडकीत चिमूटभर ढीग, नीट टोकदार रचलेला.

"बाबा, हे छातीत जातंय."

"तुज्या पान्यात काय हाय? काय न्हाय. नुसता ओला हाय." त्यांनी बोट चाटलं. "ह्यो बग, मीठ धरला."

मी आईवर चिडलो. ती म्हणाली, ढीग झाल्यापासून ते दोन घास जास्त जेवतायत, आता काय बंद करायचं ते तूच ठरव.

मी खाडीचं पाणी बंद केलं. कामावर जाताना कळशी ट्रकमध्ये घालून नेऊ लागलो. खोकला कमी झाला. बाबा रोज टीव्हीवर बोट फिरवत, बोट बघत, आणि ताट परत पाठवत.

शेवटी त्यांनी विचारलं, "निकेत, यंदा मीठ का न्हाय धरत?"

बाहेर चैत्राचं रणरणतं ऊन होतं.

"पाऊस लागला, बाबा. अवकाळी."

ते मशीनच्या वाफेकडे बघत राहिले. मीठ पिकवणारा माणूस सगळ्यांशी भांडतो, पावसाशी नाही. "लागला काय," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

तरी माननीय तहसीलदार साहेबांना नम्र विनंती की, आमच्या मागच्या खोलीत चैत्र महिन्यात झालेल्या अवकाळी पावसाने चिमूटभर मिठाचे संपूर्ण नुकसान झाले असून, प्रत्यक्ष स्थळपाहणी करून पंचनामा करण्यात यावा. खोलीत एसी चालू असल्याने आत येताना दार लोटून घ्यावे. पंचनाम्यावर सही मात्र वारसाची न घेता, नुकसानग्रस्त बुधाजी यांचीच, समक्ष घेण्यात यावी.