आखूड पल्ला

पहिल्या महायुद्धात हार्म ओल्टमान्स जर्मन तोफखान्यात गेला तो घोडे सांभाळायला. उत्तरेकडच्या दलदलीच्या मुलखातला गडी. पण नजर अशी तेज, की वर्षभरात त्याला तोफेवर नेम धरायला बसवलं. शांपेनच्या लढाईत दुसऱ्याच गोळ्यात त्याने फ्रेंचांची तोफ उडवली आणि त्याला लोखंडी क्रॉसचं पदक मिळालं.

सतरा सालच्या वसंतात त्याचा धाकटा भाऊ एनो पायदळातून इंग्रजांसमोरच्या त्याच आघाडीवर आला, अगदी हार्मच्या तोफांपुढच्या खंदकात. सुट्टी मिळाली की तो मागे येऊन थट्टा करायचा, "तुझा गोळा बरोबर ओळखू येतो. तुझ्यासारखाच बोंबलत जातो."

एप्रिलमधल्या एका दुपारी कॅप्टन फॉन हालेर पाहुण्यांबरोबर जेवून, वाइन पिऊन तोफांवर आला आणि त्याने पल्ला सांगितला. हार्मने सांगितल्याप्रमाणे नेम धरला, तोफा धडधडल्या. संध्याकाळी कळलं, एनो आणि त्याच्याबरोबरची बरीच पोरं खंदकातच गाडली गेली. इंग्रजांचा मारा, असं कॅप्टनने सांगितलं.

हार्मने ते खरं मानलं आणि उन्हाळाभर इंग्रजांवर उट्टं काढलं. इतरांनी तोफा सोडून बिळं गाठली, तरी तो जागचा हलत नसे. त्याला वरच्या दर्जाचा क्रॉस मिळाला.

शरदात टेलिफोनवाला ब्युरिंग जखमी झाला. पाय गेला होता, आता त्याला घरी पाठवणार होते. स्ट्रेचरवरून त्याने हार्मला जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं. पल्ला आखूड आहे, गोळे आपल्याच माणसांवर पडताहेत, असं त्याने एप्रिलच्या त्या दुपारी टेलिफोनवरून कॅप्टनला पुन्हापुन्हा कळवलं होतं. माझा पल्ला चुकत नाही, असं म्हणत कॅप्टनने मारा चालूच ठेवला. तोंड उघडलंस तर भिंतीला उभा करून गोळ्या घालीन, अशी वर धमकी दिली.

म्हणजे एनोला मारणारा गोळा हार्मच्याच हातून सुटला होता.

त्याने नागासारखा डूख धरला. कॅप्टनला गोळी घालणं काही अवघड नव्हतं. पण मग त्याला बँड लावून वीर म्हणून पुरला असता. हार्मला ते नको होतं. ह्या माणसाची मान सगळ्यांसमोर खाली गेलेली त्याला बघायची होती. पण साध्या तोफचीचं कोण ऐकणार?

नोव्हेंबरात धुक्यातून इंग्रजांचे रणगाडे आले. हार्मच्या तोफेवरची माणसं पहिल्याच स्फोटात गेली. कॅप्टनचा गुडघा फुटून तो चाकाशी पडला. हार्म एकटाच भरत होता, एकटाच डागत होता. कॅप्टन पडल्यापडल्या हाताने गोळे पुढे सरकवत होता. एकामागून एक रणगाडे पेटत गेले. उरलेले वळले.

मग कॅप्टन म्हणाला, "सोन्याच्या क्रॉससाठी तुझी शिफारस करतो. पाहणारा मी एकटाच आहे."

"एप्रिलचं काय, कॅप्टनसाहेब?"

कॅप्टनने हातातला गोळा खाली ठेवला. "चूक झाली. लढाईत होते. क्रॉस घे आणि तो विषय सोड."

"द्या क्रॉस," हार्म म्हणाला आणि त्याला पाठुंगळी मारून मलमपट्टीच्या तंबूपर्यंत घेऊन गेला. वाटेत कॅप्टनने त्याचे आभार मानले. हार्मने त्याला जपून, हळूच खाली ठेवलं. आता तो जगायलाच हवा होता.

जानेवारीत जनरल आला. सगळी तुकडी बर्फात उभी होती, कॅप्टन कुबडीवर. जनरलने स्वतःच्या हाताने हार्मच्या छातीवर क्रॉस लावला आणि विचारलं, "काय हवं तुला? रजा?"

"कॅप्टनसाहेबांनी एप्रिलमधला पल्ला पुन्हा सांगावा," हार्म खणखणीत आवाजात म्हणाला. "माझा भाऊ आपल्याच गोळ्यांनी मेला. नेम मी धरला, पल्ला यांनी दिला. टेलिफोन येत होता, तरी मारा थांबवला नाही."

जनरलने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन चाचरला, त्या दिवशी धुकं फार होतं म्हणाला. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "लख्ख ऊन होतं." मागून आणखी एकाने तेच म्हटलं. मग बरेच जण बोलू लागले. कॅप्टनची मान खाली गेली ती वर आली नाही. हार्मने डोळे भरून पाहून घेतलं.

खटला झाला नाही. लष्कराला प्रकरण चव्हाट्यावर यायला नको होतं. कॅप्टनकडून तोफा काढून घेतल्या आणि त्याला कुठल्याशा घोड्यांच्या छावणीवर धाडलं. तो गाडीत चढला तेव्हा तुकडीतल्या एकानेही सलाम केला नाही. हार्मलाही दुसरीकडे हलवलं, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तो पोटभर जेवला.

लढाई संपल्यावर घरी जाऊन त्याने आईला सगळं सांगितलं, त्यातला स्वतःचा हातही लपवला नाही. आई चुलीपाशी बसून ऐकत होती.

"त्याची मान खाली गेली ना?"

"गेली."

"बरं केलंस," ती म्हणाली. तिने त्याच्यापुढे कोबी आणि सॉसेजची ताटली सरकवली आणि ती बाहेर गोठ्यात गेली. तो जेवून उठेपर्यंत आत आली नाही. पुढेही ती त्याच्याशी चांगलंच वागली, पण एनोचं नाव तिने त्याच्यासमोर पुन्हा काढलं नाही. वसंत येताच हार्मने घर सोडलं आणि ब्रेमेनच्या बंदरात काम धरलं.