मॉनिटरखालचं लिनक्सचं पुस्तक

या, बसा. खालून बोलतोय मी. तिथे पाटावर निळ्या कव्हरचं जाडजूड काहीतरी दिसतंय ना, तेच मी; आत्ता आत्तापर्यंत मॉनिटरच्या पायाखाली होतो. नवशिक्यांना लिनक्स शिकवणारं पुस्तक. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, फक्त तिच्याशी माउसपेक्षा टाइप करून जास्त बोलावं लागतं. बघा, पहिल्या पानापासून सांगायची सवय जात नाही.

बोलायला मी शिकलो निगडीत, बसस्टँडजवळच्या विलासभाऊंच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात. भाऊंची शाळा अर्ध्यात सुटलेली, पण गिऱ्हाईक बरोबर वाचायचे. "कव्हर बघतो तो जातो, शेवटचं पान उलटतो तो घेतो," म्हणायचे. एकदा मारुंजीला राहणारा एक आयटीवाला आला. भाऊंचा चहा प्यायला, मला पंख्याखाली पसरलं, मोबाईलवर माझ्या पानांचे धडाधड फोटो काढले आणि "थँक्यू काका" म्हणून चालू लागला. भाऊ हसले. मी नाही हसलो. मोबाईलशी माझं वाकडं आहे ते तेव्हापासून.

मग तनुजा आली. चाकणजवळच्या गावातली, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर विभागात नुकतीच लागलेली.

"काका, हे वाचून येईल का मला?"

"पुस्तक पोहायला शिकवत नाही गं पोरी, पाण्यात ढकलतं. हातपाय तूच मारायचे."

तिने माझं शेवटचं पान उलटलं आणि घेतलं मला.

ते दिवस काय सांगू! कंपनीच्या बसमध्ये मी तिच्या मांडीवर. पानापानांत पेन्सिलीच्या खुणा, डब्यातल्या चटणीचा एक डागसुद्धा. मग एक धडा जड गेला आणि तिने मोबाईलवर व्हिडिओ लावला. हसरा माणूस म्हणतो, "दोस्तांनो, चहा उकळेपर्यंत लिनक्स!" मग माझी एवढी पानं काय वडे बांधायला? पण तो बोलायचा, हसायचा, नको असेल तिथे पुढे ढकलता यायचा. मला कुठे जमतं ते? पुढे कंपनीत बसून तिची मान दुखायला लागली, स्क्रीन जरा उंच हवा झाला, आणि माझी जाडी कामाला आली. मी मॉनिटरखाली, मोबाईल तिच्या हातात. त्याला रोज चार्जर. माझ्यावरची धूळसुद्धा कुणी झटकत नव्हतं.

अशात खंडेनवमी आली. आमच्या कंपनीत त्या दिवशी यंत्रं बंद करून, पुसून, झेंडू आणि हळदकुंकू वाहतात. तनुजाचे साहेब, ज्ञानेश सर, म्हणाले, "टेबलावरचे पीसी बंद कर. सर्व्हरला हात लावू नकोस, आज माल जायचाय." पुढच्या आठवड्यात तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, म्हणून ती घाईघाईने कामाला लागली.

सर्व्हर म्हणजे सगळ्या कंपनीचं काम चालवणारा, कपाटातला मोठा कॉम्प्युटर; आता गंमत अशी, टेबलाशी बसूनच त्यात शिरता येतं. हुकूम टाइप करायची त्याची काळी खिडकी स्क्रीनवर उघडीच होती. तिच्या पीसीचीही तश्शीच काळी. तिने बंद करायची कमांड दिली, चुकीच्या खिडकीत. कपाटातल्या सर्व्हरचे पंखे गप्प झाले.

थोड्याच वेळात माल रवाना करणारे, डिस्पॅचचे खंडूभाऊ दारात. "अवो ताई, खोक्यांची लेबलं निघंनात! गाड्या गेटवर उभ्या हायत, डायवर माझ्या नावानं शिमगा करत्यात!"

तिने धावत जाऊन सर्व्हर चालू केला. तो उठला, पण लेबलं छापणारा प्रोग्रॅम काही उठेना. आपोआप सुरू हो, असं त्याला कुणी कधी सांगूनच ठेवलं नव्हतं. तनुजाने मोबाईल काढला. व्हिडिओवाला सुरू झाला, "दोस्तांनो, आधी चॅनल सबस्क्राईब..." मग मसाल्याची जाहिरात. तिने मोबाईल पालथा टाकला.

आणि तिचा हात माझ्यावर आला! आता मला ओढणार, उघडणार. तिची बोटं माझ्या पाठीवर थांबली. ओठ हलले. ओळ माझीच होती, पेन्सिलीने खूण केलेली. तिला ती आठवली, तिने ती टाइप केली, आणि पलीकडे प्रिंटर खडखडला. मला उघडायची गरजच पडली नाही. आता तिच्या डोक्याचाही हेवा करू का?

ज्ञानेश सर दार लोटून हळूच म्हणाले, "लाइटने घोटाळा केला असं वर कळवतो. या आठवड्यात तुझं नाव कशाला?"

"नको सर. मीच बंद केला. दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात, उद्या दुसरं कुणी फसेल."

सर म्हणाले, "मग सर्व्हरची खिडकी लाल करून टाक. आणि तो प्रोग्रॅम आपोआप सुरू होईल असं बघ."

"मी?"

"मग कोण? कायमच्या माणसानेच करायची कामं ती."

गाड्या गेल्यावर पूजा झाली. तनुजाने मॉनिटरखाली लेबलांचा खोका सारला, मला बाहेर काढलं, पदराने पुसलं, कव्हरवर हळदकुंकू वाहिलं. मी नुसता फुललो. तिने पान उघडायला बोट घातलं, तेवढ्यात सर म्हणाले, "अगं, पूजेला लावलेलं आज वाचायचं नाही!"

ती हसली, मला मिटवलं, आणि आईला पाठवायला मोबाईलवर माझा फोटो काढला.

दसरा होऊन गेला. फुलं सुकली, मी पूजेच्या पाटावर तसाच आहे. कुणी मला उचलायला धजत नाही, देवाचं झालोय म्हणे. तुम्ही आलाच आहात तर एवढं करा, मला तिच्या हाताशी सरकवा. कुंकू माझ्या कपाळी आहे खरं, पण तिची बोटं अजून त्या मोबाईलवरच फिरतायत.