लागेल तेवढंच

"अहो, बोटभर सील बदलायची तर अख्खा पंप कोण घेतं?" मालक टेबलावर थाप मारून हसले. "हे मला कुणी शिकवलं, सांगा पाहू? आमच्या ह्या वॉशरकाकांनी!"

नवी हिशेबनीस बाई कौतुकानं हसली आणि वॉशरकाका उभ्या उभ्या लाजले. बावीस वर्षं ते ह्या भटारखान्याची यंत्रं सांभाळत होते. इथून रोज नऊशे माणसांचं जेवण बाहेर जायचं आणि मशीन बंद पडलं म्हणून एकही माणूस कधी उपाशी राहिला नव्हता. आज मालकांनी आपणहून बोलावलं होतं, म्हणून काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "पगार वाढवून मागाच. पोरीच्या नर्सिंगची दोन वर्षं राहिलीत. नेहमीसारखे मिठाची गुळणी धरून बसू नका."

मशीनच्या कंपनीकडून येणाऱ्या माणसाचं एकच पालुपद असायचं, 'पूर्ण सेट बदलावा लागेल.' काका त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. मग पार्ट उघडून, घासूनपुसून बेअरिंगवर कोरलेला नंबर शोधायचे आणि तेच बेअरिंग पंपवाल्यांच्या गल्लीतून किमतीच्या पाचव्या हिश्शात आणायचे. मशीनवाली कंपनी स्वतः बनवते काय, डोंबल! दुसऱ्याच्या मालावर आपला शिक्का मारते आणि भाव लावते. गॅसच्या पार्टात मात्र काका एक पैसा वाचवू द्यायचे नाहीत. बाकी काढलेल्या प्रत्येक पार्टातला धडका नट, चांगली स्प्रिंग धुऊन, तेल लावून डब्यात जायची. असे एकेचाळीस डबे फळीवर होते आणि प्रत्येकावर काकांच्या हातची चिठ्ठी होती.

"तर काका, तुमचंच तत्त्व आता सगळीकडे लावायचं ठरवलंय," मालक म्हणाले. "आपलं मशीन बिघडतं किती वेळा? महिन्यातून एकदा? मग माणूस महिनाभर कशाला ठेवायचा? लागेल तेवढाच घ्यायचा! बिघडलं की फोन करू. या, काम करा, त्याचे पैसे घ्या. काय?"

"मालक, मी रोज बघतो म्हणून बिघडत नाही."

"तेच म्हणतोय मी! बिघडतच नाही!"

हिशेबनीस बाईनं मान खाली घालून कागद पुढे सरकवला. काकांनी सही केली. भांडायला हवं होतं, पण मालक बोलत होते ते शब्द काकांचेच होते, आणि आपल्याच शब्दांशी भांडायचं कसं ते त्यांना सुचलं नाही.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "वाढवला?"

"मीच शिकवलं गं त्याला," एवढंच ते म्हणाले. ती चिडली, रडली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवणवालीकडे काम मागायला गेली.

फोन आला तो तीन महिन्यांनी. भांडी धुवायचं मशीन बंद पडलं होतं. काकांनी वाकून पाहिलं. सील कित्येक दिवस गळत होती, पाणी मोटरमध्ये शिरून मोटर जळून गेली होती.

"अरे, थेंब पडताना कुणाला दिसलं नाही?"

"कोण बघणार, काका?" आचारी म्हणाला. "खाली वाकणारे तुम्हीच होतात."

काका सवयीनं फळीकडे वळले. तिथे साबणाच्या पिशव्या रचल्या होत्या.

"माझे डबे?"

"भंगारात दिले. वजनावर." आचाऱ्यानं नजर चुकवली.

कंपनीचा अख्खा पंप मोटरसकट आला. मालकांनी किंमतसुद्धा न विचारता सही ठोकली. बावीस वर्षं रुपया रुपया वाचवला तो ह्या माणसासाठी! काकांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी पंप बसवला, चालवून पाहिला. मग जुना पंप खोलला, कारण हात गप्प बसेनात. आतला पंखा धडका होता, चार बोल्ट आणि एक स्प्रिंगही चांगली होती. ते सगळं धुतलं, तेल लावलं, फडक्यात बांधलं. डबे नव्हते, म्हणून पिशवीत टाकलं.

फाटकावर वॉचमन अवघडून उभा राहिला. बारा वर्षं दोघांनी एका बाकावर डबा खाल्ला होता.

"काका, पिशवी दाखवता का? बाहेरच्यांची बघावी लागते. नवा नियम आहे."

पिशवी उघडली तसा तो आणखीच ओशाळला. "ह्याची पावती?" पावती नव्हती, तेव्हा त्यानं आत फोन लावला. बोलणं झाल्यावर त्याचा चेहरा खुलला. "मालक म्हणतात, नेऊ दे. भंगारच आहे ते."

काकांचे कान तापले. त्यांनी फडकं वॉचमनच्या टेबलावर सोडलं. पंखा, स्प्रिंग, चार बोल्ट एका ओळीत मांडले.

"भंगार नाही म्हणावं. हा पंखा अजून दहा वर्षं चालेल. तेल लावलंय, फक्त कोरड्या जागी ठेवा."

"कुठे ठेवू, काका?"

ओठांवर फळीचं नाव आलं होतं. ते गिळून काकांनी रिकामी पिशवी उलटी केली, वॉचमनसमोर दोनदा झटकली आणि मगच फाटकाबाहेर पाऊल टाकलं.