बटण बंद होतं

मित्रांनो, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, बसवेशच्या घरी कूलरशेजारी भिंतीला टेकून बसलेला मी एक जुना विजेचा बोर्ड आहे. एक बटण, एक सॉकेट आणि लांब वायर, एवढाच माझा पसारा. मी कारखान्यात नाही, याच घरात तयार झालो. ते सांगताना अजूनही तोंड लपवावंसं वाटतं.

उन्हाळा तापला होता. पत्र्याचा कूलर खिडकीशी ठेवायचा, तर भिंतीतलं सॉकेट लांब. बसवेशचं कापडाचं दुकान, विजेच्या कामाची त्याला नुसती हौस. त्याने तीन तारांची वायर आणली, टोकं सोलली, तांब्याचे बारीक धागे पिळून घट्ट केले. लाल आणि काळी तार स्क्रूखाली बसली. हिरवी मात्र माझ्या छोट्या डबीत मावेना.

"ही कशाला पायजे? दोन तारांत भागतं की," म्हणत त्याने ती पकडीने कापून टाकली.

त्याची बायको महेश्वरी जवळच उभी होती. लग्नाआधी ती आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकलेली. ती हळूच म्हणाली, "अहो, ती अर्थिंगची तार हाय. अन् बटण काळ्या तारेवर घेतलंय तुमी. लाल तारेवर पायजे."

सासूबाई गौरम्मा शेंगा फोडत होत्या. "गडीमाणूस करतोय की. तू भाकरीचं बघ," त्या म्हणाल्या. महेश्वरी पीठ मळायला आत वळली.

कूलर सुरू झाला. शेजारचे गुरुलिंग मला निरखून म्हणाले, "लई झ्याक केलंस, बसवेश!" मीही फुगलो. पण आतलं मला ठाऊक होतं. माझं बटण बंद केलं की कूलरचा पंखा थांबे, तरी लाल तारेतली वीज कूलरपर्यंत पोचलेलीच असे. मी बंद दिसे, बंद नसे.

एका दुपारी कूलरमधलं पाणी संपलं. गौरम्मांनी आठवणीने माझं बटण बंद केलं, घागर उचलली आणि ओला हात पत्र्यावर टेकवला. आतल्या एका तारेचं आवरण घासून गेलं होतं, वीज पत्र्यात उतरली होती. हिरवी तार असती तर ती वीज जमिनीत गेली असती. ती गौरम्मांच्या अंगातून गेली. त्यांच्या तोंडून आवाजही फुटेना.

"अत्ती!" महेश्वरी ओरडली. पण सासूला हात न लावता तिने आधी दाराजवळचं मेन बटण खाली ओढलं. गौरम्मा कोसळल्या.

जीव वाचला. भाजलेला हात बांधून त्या दवाखान्यातून घरी आल्या. विचारपूस करायला लोक येत, तेव्हा बसवेश म्हणे, "कूलरच जुना व्हता." ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होई. महेश्वरी चहा ठेवायला आत निघून जाई.

मग गुरुलिंग आले. त्यांची तान्ही नात घरी आली होती. "पाळण्याजवळ कूलर लावायचाय. असलाच एक बोर्ड मला करून दे की."

बसवेशचं तोंड उतरलं.

"नको, काका. खोटं बोललो मी. कूलर बिघडला व्हता, पण अव्वाला शॉक बसला तो माझ्यामुळं. अर्थिंगची तार मी कापली, बटण चुकीच्या तारेवर घेतलं. हिनं सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाय."

आतून गौरम्मांचा आवाज आला, "अन् तिला गप्प मी बसवलं."

महेश्वरीने मला उचललं आणि उघडलं. मोठी डबी आणली, तिन्ही तारा जागच्या जागी बसवल्या. बसवेश शेजारी बसून तिला पक्कड, स्क्रू देत होता. कूलरही दुरुस्त झाला. टेस्टर लावून पाहिल्यावर ती पत्र्याला हात लावणार, तोच तो म्हणाला, "थांब. आधी माझा हात."

त्याने तळहात टेकवला. काही झालं नाही. तरी त्याने तो बराच वेळ उचलला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर तो जाणत्या माणसाकडून उघडून तपासून घ्या. कूलरला हात लावण्याआधी प्लग काढा. आणि घरातलं कुणी हळू आवाजात "हे चुकलंय" म्हणालं, तर हातातलं काम थांबवून ऐका. आम्हा बोर्डांना आपली चूक ओरडून सांगता येत नाही हो.