साडूसाठी घेतलेला हॉर्न

मोठा हॉर्न बसवून आमच्या मालकाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. साडूची मान एकदा तरी खाली जाणार होती. बाजाराच्या चढावरची जी माणसं आजवर मालकाला हसत आली, ती एक दिवस साडूला हसणार होती. आणि संध्याकाळी घरी हातपाय धुताना बायकोला सहज म्हणता येणार होतं, "आज तुझ्या भाऊजींना जरा दचकवलं." जमेच्या बाजूला एवढंच. खर्चाची बाजू मालकाने पाहिलीच नाही. सूड उगवायला निघालेल्या माणसाला ती बाजू दिसत नसते.

मित्रांनो, मी एक जुना हॉर्न आहे. मालकाच्या जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या दिव्याखाली माझी जागा. कारखान्यात एका बाईने मला टेबलावर चिमट्यात धरून वाजवलं होतं. तिने कान लावून ऐकलं, माझ्या पाठीवरचा लहानसा स्क्रू जरासा फिरवला, पुन्हा ऐकलं, आणि मनासारखा आवाज निघाल्यावर त्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका ठेवला. तो ठिपका म्हणजे माझं प्रशस्तिपत्रच.

त्या काळी मोटारसायकल नवी होती, मालकाचं लग्नही नवं होतं. गल्लीच्या वळणावर तो मला दोनदा वाजवायचा आणि त्याची बायको, म्हणजे आमची बाई, खिडकीत यायची. एखादी शेजारीण म्हणायची, काय खणखणीत आवाज आहे हो. मी फुगून जायचो. पुढे वळण तेच राहिलं, खिडकीत येणं थांबलं, आणि माझ्यात धूळ बसत गेली. करंट जोडणारे आतले पॉइंट झिजले, आवाज बसला. ज्याचा "पोंऽऽ" होता त्याचा "पीं" झाला.

मालकाचा धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचा. अवजारांची पिशवी मोटारसायकलला अडकवून तो घरोघर, दुकानोदुकान फिरतो. टाका सैल पडतोय अशी तक्रार आली की हा फक्त यंत्राजवळ वाकतो, दोऱ्याचा ताण बोटाने चाचपतो, एक स्क्रू पाव फेरा फिरवतो आणि म्हणतो, "चालवा आता." यंत्र सुतासारखं सरळ. गिऱ्हाईक थक्क. ज्याचं पोट असे बारके स्क्रू फिरवण्यावर चालतं, त्या माणसाला माझ्या पाठीवरचा स्क्रू कधी दिसला नाही. हा राग मी मनात जपून ठेवला आहे आणि त्याला मी रोज खतपाणी घालतो.

आता साडू. बाईच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचा गाडी शिकवण्याचा क्लास आहे. डोक्याला टक्कल, पोटाला घेर, जिभेला धार. शिकाऊ माणसाला चाकावर बसवून हा शेजारी बसतो आणि नेमका बाजाराच्या चढावर गाडी उभी करतो, कारण चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे काढणं हाच परीक्षेतला अवघड भाग. रस्ता अरुंद. मागे आमचा मालक, उशीर झालेला. तो मला दाबायचा. मी जीव खाऊन "पीं" करायचो. साडू खिडकीतून हात बाहेर काढून हवेत काहीतरी झटकल्यासारखं करायचा आणि चाकावरच्या माणसाला सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगायचा, "लक्ष देऊ नका, डास आहे."

बाजार हसायचा. हळूहळू मालकाचं नावच डास पडलं. एका दुकानात यंत्र उघडून बसला असताना आतल्या कुणीतरी विचारलं, कोण आलंय, आणि बाहेरच्याने तेच नाव सांगितलं. मालकाने स्क्रू फिरवायचं थांबवलं, पुन्हा फिरवला. तिथून उठून तो थेट स्पेअरपार्टच्या दुकानात गेला.

दुकानदाराने शिंपल्याच्या आकाराची एक काळीभोर जोडी काउंटरवर ठेवली. ट्रकलाही जड जाईल असा माल. मालकाच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी त्याच्या लग्नानंतर प्रथमच पाहिली. दुकानदाराने इमानाने सांगितलं की हा हॉर्न करंट फार ओढतो, याला रिले लावावा लागतो. रिले म्हणजे एक चिमुकली डबी. जड करंट ती स्वतःच्या अंगावर घेते, बटणाने फक्त इशारा करायचा. "नाही लावला तर बटणातले पॉइंट एकमेकांना चिकटतील," तो म्हणाला. "मग बोट काढलंत तरी हा वाजतच राहील."

"मी काय यंत्राला नवा आहे?" मालक म्हणाला.

दुकानदाराने खांदे उडवले आणि डबी परत खणात टाकली.

घराच्या अंगणात मालकाने स्वतःच जोडणी केली. मला उपटलं, माझ्या दोन जुन्या तारा नव्या जोडीला पिळल्या, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि त्यावर पक्क्या दोऱ्याचे फेरे घेतले, शर्टाचं बटण टाकताना घेतात तसे. दोरा उत्तम होता. करंटला दोऱ्याशी काय देणंघेणं? बटण दाबताच पत्रे थरथरले, कबुतरं उडाली आणि पुढचा दिवा डोळा मिटल्यासारखा मंद झाला. दिवा मंद होतो म्हणजे कुणाचं तरी रक्त पिऊन हा हॉर्न ओरडतोय, एवढं मला कळलं. मालक खूश होता. त्याने मला अवजारांच्या पिशवीत, सुयांच्या पाकिटांवर टाकलं.

शिवणयंत्रवाल्याच्या पिशवीचीच शिवण उसवलेली. त्या फटीतून मी जग पाहू लागलो. पडल्या पडल्या दुसरं काम नव्हतं, म्हणून त्या जोडीला शिव्याशाप देत होतो. तुझी तार जळो. तुझ्या तोंडात पाणी शिरो. आणि ज्याने तुला माझ्या जागी बसवलं त्याची भर बाजारात शोभा होवो. मित्रांनो, लोखंडाचा शाप लागतो की नाही ते मला माहीत नाही. मी मात्र तो मनापासून दिला.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी मालकाला ठाऊक नव्हती. बाई गाडी शिकत होती.

तिने एकदा मालकाला विचारलं होतं, मला मोटारसायकल शिकवता का. मालक इतका हसला की तिने पुन्हा विचारलं नाही. मग बालवाडीच्या मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनवर ड्रायव्हर म्हणून बाई हवी असल्याचं तिला कळलं. मुलांना सांभाळणारी, वेळेवर येणारी, लायसन्स असलेली. पहिल्या दोन गोष्टी तिच्यात होत्याच. तिसरीसाठी ती बहिणीच्या नवऱ्याकडे गेली. साडूच्या क्लासात नाव घालणं म्हणजे आमच्या घरात देशद्रोह. म्हणून सगळं गुपचूप. दुसऱ्या भागातल्या रस्त्यांवर, डोक्याला स्कार्फ बांधून, दुपारच्या वेळी ती शिकली. साडूने टिंगल सगळ्या गावाची केली असेल, पण हे गुपित त्याने पोटात ठेवलं. त्याच्या खात्यात ही एक जमा मला मांडावीच लागते.

हे मला कसं कळलं? मोटारसायकल पुसायचं काम बाईचंच होतं. पुसता पुसता बहिणी बोलायच्या. एकदा फडकं माझ्यावरून फिरवत बाई म्हणाली होती, "लायसन्स हातात आलं ना ताई, की ह्यांच्यासमोर ठेवीन आणि काही बोलणार नाही. नुसती बघत उभी राहीन." तिचाही एक छोटा सूड शिजत होता. आमच्या घरात सूड कुणाला चुकला होता?

परीक्षेच्या सकाळी ती ताईकडे जाते म्हणून निघाली. हे खोटंही नव्हतं, गाडी ताईच्याच दारातून निघणार होती. बालवाडीने तिच्यासाठी जागा त्या दिवसापर्यंतच धरून ठेवली होती.

मालक नेहमीप्रमाणे कामाला निघाला. बाजाराच्या चढाखाली वळला आणि समोर साडूची गाडी चढावर उभी. आज साडू मागच्या सीटवर होता, काचेतून टक्कल लखलखत होतं. पुढे चाकावर स्कार्फ बांधलेलं कुणीतरी, शेजारी कागद घेतलेला परीक्षक. मालकाला फक्त टक्कल दिसलं. त्याने मोटारसायकल गाडीच्या बंपरला वीतभर अंतर सोडून लावली, दोन्ही बाजूंना नजर टाकून माणसं पुरेशी आहेत याची खात्री करून घेतली.

मी पिशवीतून ओरडू पाहत होतो. पण ज्याच्या तारा काढून घेतल्या त्याचं कोण ऐकणार?

मालकाने बटण दाबलं.

आवाज असा फुटला की भाजीवाल्याच्या हातातला तराजू खाली पडला. गाडीत बाईचा पाय क्लचवरून उडाला, हँडब्रेक तिने नुकताच सोडला होता, इंजिन बंद पडलं, घाबरून तिने क्लच पुन्हा दाबला आणि गाडी मागे घसरली. परीक्षकाने आपल्या बाजूचा ब्रेक दाबेपर्यंत बंपर मोटारसायकलच्या दिव्यावर येऊन टेकला. काच तडकली. कुणाला खरचटलंही नाही. साडूचं टक्कल मात्र खरोखरच दचकलं होतं. सूड पूर्ण झाला होता.

मालकाने बोट काढलं. हॉर्न वाजतच राहिला.

त्याने बटण ओढलं, दाबलं, ठोकलं. चावी बंद करायचं सुचलंच नाही; जळक्या रबराचा वास नाकात गेला की माणसाला काही सुचत नाही. बाजार कानांवर हात ठेवून जमला. आणि त्या गोंगाटात गाडीचं दार उघडून चाकावरचं माणूस खाली उतरलं, त्याने स्कार्फ सोडला, आणि ती मालकाची बायको निघाली.

खरं सांगतो, मी हसलो. ज्या तोंडावर मला लाज पाहायची होती, त्यावर ती आली, आणि इतकी आली की तोंडाचा रंगच बदलला. त्याने काहीतरी म्हटलं. ओठ हलले, ऐकू आलं नाही. तिने काहीतरी म्हटलं, तेही हॉर्नने गिळलं. मग ती वाकली, दोऱ्याचे फेरे घेतलेला तो जोड दोन्ही हातांनी धरला आणि ओढून तोडला. बोटाला चटका बसला असावा, कारण तिने ते झटकन पदरात धरलं.

शांतता पडली.

"अहो, परीक्षा होती माझी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "व्हॅनचं काम मिळणार होतं. आज शेवटचा दिवस होता."

परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं. गाडी मागे गेली की नापास, त्यात हॉर्नचा रकाना नसतो. मालक साडूकडे पाहत राहिला. निदान त्याने डास तरी म्हणावं, म्हणजे भांडायला जागा मिळेल. साडू खाली उतरला. त्याने मोटारसायकल सरळ करायला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मालकाने ती जोडी भंगारात टाकली आणि मला पिशवीतून काढलं. धूळ झटकताना त्याचा अंगठा माझ्या पाठीवर फिरला. तो थांबला. बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला, लाल रंगाचा उरलेला ठिपका खरवडला, पाव फेरा फिरवला. तारा जोडताच मी वाजलो, कारखान्यातल्या टेबलावर वाजलो होतो तसा. पाव फेरा. इतके दिवस एवढंच हवं होतं.

मला मालकावर जो सूड हवा होता, तो पुरेपूर मिळाला होता. मी खिडकीकडे पाहिलं. बाई आत होती, तिने आवाज ऐकला होता. ती आली नाही.

घरात भांडण झालं नाही. ती कामापुरतं बोलायची. मग एका संध्याकाळी अंगणात येऊन तिने सांगितलं, "क्लास परत लावायचाय. भाऊजींना विचारायला तुम्ही जायचं. आणि रोज मागच्या सीटवर तुम्ही बसायचं."

"मी कशाला?"

"मागून हॉर्न वाजला की पुढच्याच्या पोटात काय होतं, ते कळायला."

मालक गेला. साडूने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, टोमणा दिला नाही. मालकाला तो न दिलेला टोमणाच जास्त बोचला. तेव्हापासून रोज दुपारी चढावर गाडी थांबते, मागून कुणी ना कुणी हॉर्न मारतं, आणि मागच्या सीटवर आमचा मालक डोळे घट्ट मिटून, गुडघे धरून बसतो. मी चढाखाली मोटारसायकलवर उभा असतो. तिथून मला सगळं दिसतं आणि अजूनही थोडी मजा वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखाद्याचा आवाज बसला असेल तर मोठा आवाज विकत आणायला धावू नका. त्याच्या पाठीवरची धूळ पुसा, स्क्रू आहे का बघा. आणि कुणाच्या मागे उभं राहून कर्कश वाजवावंसं वाटलं, तर पुढे चाकावर कोण बसलंय ते आधी वाकून पाहा. ज्याच्यावर नेम धरलाय तो बहुतेक मागच्या सीटवर आरामात असतो.

आता हिशेब. साडूला एक शिकाऊ परत मिळाली, तो फायद्यात. मालकाला लाज मिळाली, पण लाजेने माणूस मरत नाही, कधी सुधारतोही. मला माझी जागा मिळाली. ती काळी जोडी वितळून आणखी काहीतरी झाली असेल. बाईला पुढच्या परीक्षेची तारीख मिळायची आहे, आणि ती पास होईल यात मला शंका नाही.

पण रोज सकाळी बालवाडीची व्हॅन आमच्या दारावरून जाते. चाकावर दुसरीच एक बाई असते, चांगली चालवते. मुलांसाठी ती वळणावर एकदा हळूच हॉर्न वाजवते. तेव्हा बाईचं हातातलं काम थांबतं. व्हॅन दिसेनाशी झाली की पुन्हा सुरू होतं.