हल्लेखोराचा रकाना

युद्ध पेटलेल्या समुद्रातून जाताना जहाजाने 'सगळे खलाशी भारतीय' असा संदेश सतत देत राहावं, महासत्तांच्या भांडणात भारतीयांना कुणी हात लावत नाही, हे सिद्धीने प्रबंधात ठासून मांडलं होतं. तेच शहाणपण तिने जहाजावर निघालेल्या सख्ख्या भावाला, साईशला, पढवलं होतं. संदेश चालूच होता आणि क्षेपणास्त्र इंजिनरूममध्ये घुसलं.

आता पार्शे गावातल्या घरी साईश भाजलेल्या हातांना पट्ट्या बांधून बसला होता, आणि सिद्धी हल्ल्यांच्या नोंदींची वही उघडून विचारत होती, "दादा, क्षेपणास्त्र कुणाचं? हल्लेखोराचा रकाना रिकामा आहे."

साईशने लाथेने टेबल उडवलं. पट्टी बांधलेल्या हातानेच तिचा गळा धरून तिला भिंतीवर आपटलं.

"आमचो खलाशी, डिचोलीचो राघोबा, इंजिनरूमच्या दारार आतसून लाथा मारीत होतो. 'साईश, उघड रे' म्हणान वरडत होतो. आग वर येतली म्हणान भायरसून दार मियां लावलंय. दार तापान लाल झाला, तरी धरून रवलंय."

त्याने हात काढला तेव्हा तिच्या गळ्यावर पट्टीतलं रक्त उमटलं होतं. खाली पडलेलं पेन उचलून त्याने तिच्या मुठीत कोंबलं.

"भर तुझो रकानो. लिव, भारतीय."