निवांत आजारपण

मी एक जुनी बाज आहे. पलंगावर निजणाऱ्यांनी नाक मुरडलं तरी चालेल, मित्रांनो, मला त्याची सवय आहे. चार खूर, चार दांड्या आणि मधे सुंभाची वीण, एवढाच माझा पसारा. पण माझ्या अंगावर पडून एका माणसाने जेवढे बेत केले, तेवढे एखाद्या राजाने सिंहासनावर बसूनही केले नसतील, हे मी छातीठोकपणे सांगते. बाजेला छाती कुठली, असं मधेच विचारू नका.

माझा जन्म मुळशीतल्या माले गावचा. गेणबा सुताराने मला ऐनाच्या लाकडातून घडवलं. गेणबा तोंडाचा फटकळ, पण हाताला मोठा नेटका. खुराला भोकं पाडताना त्याने मला असं ठोकलं, की मला वाटलं, या जन्मी काही आपण उभ्या राहत नाही. शेवटी सुंभ विणून झाल्यावर त्याने मला अंगणात टाकलं, स्वतः वर उताणा पडला, कूस बदलून पाहिली आणि म्हणाला, "कुरकुरली न्हाई. जा घेऊन." आयुष्यातली पहिली शाबासकी मला ती अशी मिळाली.

मला करवून घेतलं कुशाबाने. कुशाबा मुंबईला कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचा. त्याची बायको रत्नाबाई माल्यात राहून भातखाचरं, म्हैस आणि घर चालवायची. आमच्या मुळशीत तेव्हा घरोघर हीच रीत होती. पुरुष मुंबईला, बाई गावाला, आणि दोघांची गाठ वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि भातकापणीला.

माझं नशीबही त्या रजेलाच बांधलेलं. कुशाबा आला की मला माळ्यावरून खाली उतरवायचे आणि त्याची रजा संपली की पुन्हा वर टाकायचे. एक बाजू तो धरायचा, दुसरी रत्नाबाई. वर चुलीचा धूर, उंदीर आणि अंधार. खाली अंगण, वारा आणि कुशाबाचे बेत! मी वर पडल्या पडल्या शिमग्याची वाट बघत असे.

आता त्या बेतांविषयी सांगते. गिरणीत शेकडो साचे एकदम धडधडत असतात. तिथे माणसाला ओरडूनच बोलावं लागतं. कुशाबाला त्याचीच सवय जडलेली. तो अगदी लाडाने, हळूच म्हणून जे बोलायचा, ते साऱ्या वाडीला ऐकू जायचं. माझ्यावर पाय पसरून तो म्हणायचा, "रत्ने, गिरनी सोडली ना, का म्या पयल्यांदा काय करणार, ठावं हाय? झोपणार! भोंगा न्हाई, पाळी न्हाई. उनं अंगावर येस्तवर झोपणार!"

"झोपा की मग!" शेजारच्या अंगणातून साळूबाई ओरडायची. "आन आमालाबी झोपू द्या!"

दर रजेला बेत वाढत गेले. झोप तर होतीच. मग धरणाच्या पाण्यावर गळ टाकून बसायचं. मग भजनात टाळ वाजवायचा. मग आपल्या हाताने राब भाजायचा, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा पालापाचोळा जाळून तयार करायची. रत्नाबाई भाकऱ्या थापता थापता नुसतं "व्हय" म्हणायची. त्या एका "व्हय"वर कुशाबाची गाडी पुढच्या रजेपर्यंत चालायची.

साठीपर्यंत गिरणीत राहायचं, असं त्याच्या मनात होतं. पण शेजारच्या साच्यावरचा त्याचा जोडीदार, असेच बेत करणारा, गावी जायच्या आधीच मुंबईच्या खोलीत अचानक वारला. त्याला पोचवून आल्यावर कुशाबाने ठरवलं, की साठीची वाट बघायची नाही. मुलगी घोटावड्याला दिलेली, सुखात होती. घरी पोटापुरतं भात पिकत होतं. पन्नाशी गाठायच्या आतच त्याने साचा सोडला आणि एकोणीसशे एकोणसाठच्या शिमग्याला तो ट्रंक, वळकटी घेऊन कायमचा घरी आला. मला खाली उतरवताना म्हणाला, "ही आता वर जायची न्हाई!" माझ्या सुंभाला आनंदाने पीळ पडायचा बाकी राहिला.

पण मित्रांनो, गंमत पुढेच आहे. गावात जो तो त्याला विचारी, "कवा आलास? कवा जाणार?"

"न्हाई जाणार," कुशाबा सांगायचा.

"असं व्हय! मग रजा किती दिसांची?"

घरातही तेच. रत्नाबाई त्याला गरम भाकरी आधी वाढायची, अंघोळीचं पाणी काढून द्यायची. तो बादली उचलायला गेला, की म्हणायची, "तुमी बसा." पाहुण्याची ठेवावी तशी बडदास्त! पहिले काही दिवस कुशाबा खूश होता. मीही खूश होते. दिवसभर माझ्यावर माणूस होता.

मग एकेक बेत फसायला लागला. झोपेचं म्हणाल, तर गिरणीचा भोंगा कुशाबाच्या डोक्यात शिरून बसलेला. कोंबड्याच्याही आधी हा टक्क जागा! गळ घेऊन पाण्यावर बसायचा, पण माशांशीही त्याच गिरणीच्या आवाजात बोलायचा. "काय घावलं?" असं साळूबाईने विचारलं, तर म्हणाला, "ऊन!" भजनात टाळ धरला तो साच्याच्या चालीवर. बुवांचा अभंग निम्म्यावर असायचा आणि याचा टाळ गावाची वेस ओलांडून पुढे गेलेला असायचा. बुवांनी त्याला प्रेमाने प्रसाद वाटायचं काम दिलं.

राबाचं तर विचारूच नका. राब वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा असतो, म्हणजे तो सावकाश धुमसतो आणि माती नीट भाजते. कुशाबाने वाऱ्याच्याच अंगाने काडी लावली. भुर्रकन जाळ झाला आणि माती कच्ची ती कच्चीच! रत्नाबाई एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालापाचोळा आणून तिने एकटीने राब भाजला. तिने चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

आणि म्हैस! ती त्याला परका समजायची. तो नुसता गोठ्याच्या दारात उभा राहिला, तरी ती पान्हा चोरायची. रत्नाबाई म्हणायची, "तुमी जरा तिकडं व्हा बगू." कुशाबा तिकडं व्हायचा, म्हणजे माझ्यावर येऊन बसायचा. अंग टाकून पडलेला माणूस आणि नुसता टेकलेला माणूस, यातला फरक बाजेइतका कुणाला कळतो? तो आता कडेला टेकायला लागला होता. आपण स्वतःच्या घरात पाहुणे आहोत, हे त्याला सलत होतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

असा महिना भरत आला. एका सकाळी कुशाबा अंघोळ करून आला, तर माझ्यावर पायताकडे एक बोचकं ठेवलेलं. त्यात कांडलेले तांदूळ, नाचणीचं पीठ, मसाल्याची पुरचुंडी. दर रजेच्या शेवटी रत्नाबाई त्याला मुंबईला न्यायला हेच बांधून द्यायची. कुशाबा त्या बोचक्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा असा पडला, की मला वाटलं, एखाद्या खुरावर लंगडून ते बोचकं खाली पाडावं. पण बाजेला कुठलं तेवढं साधतंय!

रत्नाबाई गोठ्यातून शेणाच्या हातांनी बाहेर आली. कुशाबा तिला म्हणाला, "रत्ने, हात धू आन बाज धर. वर टाकू."

"का वो?"

"का म्हंजी? बोचकं बांधलंस न्हवं? म्या समाजलो. उद्याच्या यस्टीनं जातो. साच्यावर घेतील मला अजून."

रत्नाबाईने बोचक्याकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी खाली बसली. "आगं बया! ह्ये म्या कवा बांधलं?" आधी तिला हसू फुटलं आणि मग हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं. "म्या न्हाई वो, हातांनी बांधलं. महिना भरला की हात आपसुक बांधत्यात. इतकी वरसं ह्येच केलं न्हवं?"

पण कुशाबाची समजूत पटेना. "मग म्या तुला हितं हवा हाय का नगो, त्ये नीट सांग. म्हस मला वळखत न्हाई. राब म्या घालवला. तुला माजा उपेग तरी काय?"

हे सगळं साऱ्या वाडीने ऐकलं. साळूबाईचं जातं थांबलं, ते मला स्पष्ट कळलं.

रत्नाबाई पदराने डोळे पुसून उठली. मला धरायला काही ती आली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्या न्हाई बाज धरणार. इतकी वरसं हिच्यावर पडून सारं बेत सांगितलं. मला येकदा तरी इचारलं का, तुजा काय बेत हाय?"

मी इतकी जुनी, पण माझ्यासुद्धा हे कधी ध्यानात आलं नव्हतं. "तुजा बेत?" कुशाबा म्हणाला, आणि मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा तो तुमच्या-माझ्यासारख्या आवाजात बोलला.

"मला आजारी पडायचंय."

"काय?"

"निवांत आजारी पडायचंय, येक दिस. इतक्या वरसांत तापानं फणफणले, तरी पडले न्हाई. पडून करू काय? चूल कोण पेटीवणार, म्हशीला पाणी कोण दावणार? साळूबाई पडती, तवा तिचा दादला पेज करून देतो. म्या बघायची आन म्हणायची, आमचं धनी कायमचं आलं म्हंजी म्याबी पडणार. तुमी दमून आला हुता. म्हनलं, तुमची झोप हुंदे आदी, मंग सांगू. आन तुमी तर निघाला!"

कुशाबाने बोचकं सोडलं, तांदूळ परत कणगीत ओतले, पीठ डब्यात ठेवलं. मग माझ्यावर मऊ वाकळ अंथरली. "पड," तो म्हणाला.

"आत्ता? हात शेणाचं हायेत माजं."

"धू आन पड."

आमच्याकडे तेव्हा बाई दिवसाउजेडी, नवऱ्यादेखत बाजेवर टेकायची नाही. रत्नाबाई माझ्यावर एकदाच निजली होती, तिला मुलगी झाली तेव्हा. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, भाऊ कुठे कुठे पांगलेले, म्हणून तिचं बाळंतपण इथेच झालं होतं. ती अंग चोरून माझ्यावर पडली. ओझं असं काही जाणवेचना. सारखी उठू बघायची. "दूध उतू जाईल!" "जाऊंदे." "कोंबड्या भात खात्यात!" "खाऊंदे." मी कान लावून होते. शेवटी उन्हं डोक्यावर यायच्या सुमाराला तिने अंग सैल सोडलं. माझं सुंभ खोल दबलं आणि रत्नाबाई भरदिवसा, आंब्याच्या सावलीत, तोंड उघडं टाकून झोपी गेली.

कुशाबाने पेज केली. ती करपली. म्हशीपुढे तो रत्नाबाईचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून, डोक्यावरून पदर घेऊन बसला. म्हशीने वास घेतला, जरा विचार केला आणि पान्हा सोडला! रत्नाबाई जागी होऊन ते बघत होती. ती इतकी हसली, की माझे चारही खूर हलले.

तेवढ्यात साळूबाई काळजीने आली. "काय हुतंय गं?"

"काय न्हाई. आजारी हाय," रत्नाबाई म्हणाली.

"कुणी उठवू नगा तिला!" गोठ्यातून कुशाबा ओरडला. "तिला काय बी झालेलं न्हाई!"

तेव्हापासून मी माळ्यावर गेले नाही. कुशाबाला आता झोप लागते. राब तो नीट पेटवतो आणि म्हैस त्याला त्याच्या धोतरातही ओळखते. मासे मात्र अजून त्याला भीक घालत नाहीत. दर साली मळणी उरकली की रत्नाबाई एक दिवस आजारी पडते. साळूबाई चौकशीला येते आणि घटकाभर तिच्या शेजारी आजारी पडून जाते. दोघींचं ओझं मला होतं, पण मी कुरकुरत नाही.

मित्रांनो, आता माझं वय झालं. एक खूर किडीने पोखरला आहे, सुंभ दोनदा बदललं आहे. पावसात मला भिजत ठेवू नका, दोरी सैल झाली की ताणा, हे तर मी सांगेनच; प्रत्येक म्हातारी बाज सांगते. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी बाज असेल, झोपाळा असेल, खुर्ची असेल. एकदा नीट बघा, घरातली कोण तिच्यावर कधीच बसत नाही. तिला हाताला धरून आणा आणि बसवा. ती लगेच काहीतरी काम काढून उठायला बघेल. तिला उठू देऊ नका.